विमान पावणेदोन तासांचे, प्रवास सहा तासांचा : बंगळुरू–मुंबई अंतराचा खरा हिशेब

बंगळुरू : नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावर २५ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी उतरलेले पहिले व्यावसायिक प्रवासी विमान बंगळुरूहून आले होते. नव्या विमानतळाचा पहिला धागा या शहराशी जोडला जाणे स्वाभाविकच होते, कारण देशातील सर्वाधिक वर्दळीच्या हवाई मार्गांत बंगळुरू–मुंबई मार्गाची गणना होते. त्याआधी जेमतेम तीन आठवडे याच मार्गाचे वेगळे चित्र दिसले होते. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनुसार मनुष्यबळाचे नियोजन न झाल्याने इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली. बंगळुरूच्या टर्मिनलमध्ये प्रवाशांना तासन् तास ताटकळावे लागले आणि उरलेल्या जागांचे भाडे गगनाला भिडले. अखेर केंद्र सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली. ती मर्यादा अंतरानुसार ठरवण्यात आली होती.

या दोन्ही घटनांमागे एक समान प्रश्न आहे. दोन शहरांमधले अंतर नेमके कशाने मोजायचे? नकाशावरील किलोमीटरने, तिकिटावरील उड्डाणकालाने, की प्रवाशाच्या घरापासून मुक्कामापर्यंत जाणाऱ्या वेळेने? भाडे, सवलती, मार्गांचे वर्गीकरण आणि विमानतळांच्या जागा यांविषयीचे सरकारी निर्णय बहुतांशी पहिल्या दोन मापांवर आधारलेले आहेत. प्रवाशाला मात्र किंमत मोजावी लागते ती तिसऱ्या मापाने. या मापांमधील तफावत किती मोठी असू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण आज बंगळुरू आहे.

नकाशावरील अंतर

बंगळुरूचा केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ८३४ किलोमीटर आहे. पुणे ७२० किलोमीटरच्या आसपास, नागपूर सुमारे ८९०, कोल्हापूर सुमारे ५३० आणि बेळगाव सुमारे ४४५ किलोमीटरवर येते. रस्त्याने मात्र चित्र बदलते. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ मुंबईपासून बंगळुरूपर्यंत हजार किलोमीटरच्या घरात जातो. रेल्वेचा मार्ग त्याहून लांब आहे. उद्यान एक्स्प्रेस पुणे, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल, धर्मावरम असा मोठा वळसा घेऊन अकराशे किलोमीटरहून अधिक अंतर कापते. या प्रवासाला सुमारे चोवीस तास लागतात.

हा वळसा इतिहासातून आला आहे. मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा मुख्य लोहमार्ग मद्रासच्या दिशेने आखला गेला, त्यामुळे बंगळुरूला जाणारी गाडी आधी पूर्वेकडे सरकते आणि मग दक्षिणेला वळते. मिरज–हुबळीमार्गे जाणारा पर्याय नकाशावर अधिक सरळ दिसतो, पण घाट, वळणे आणि दीर्घकाळ एकेरी राहिलेला मार्ग यांमुळे तेथेही वेग वाढू शकला नाही. तुलना करायची तर मुंबई–दिल्ली मार्गाची करता येईल. राजधानी एक्स्प्रेस १,३८४ किलोमीटरचे अंतर सोळा तासांच्या आत कापते. म्हणजे देशाची राजधानी मुंबईपासून किलोमीटरने दूर असली, तरी रेल्वेच्या घड्याळात ती बंगळुरूपेक्षा आठ तासांनी जवळ आहे.

तिकिटावरील वेळ

विमानाच्या तिकिटावर बंगळुरू–मुंबई प्रवासाची वेळ साधारणपणे पावणेदोन ते दोन तास अशी छापलेली असते. ताशी आठशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या जेट विमानाला ८३४ किलोमीटरसाठी एवढा वेळ का लागावा, असा प्रश्न अनेक प्रवाशांना पडतो. छापलेली वेळ प्रत्यक्ष उड्डाणाची नसते, हे त्याचे उत्तर आहे. चाकांपुढचे अडसर काढून विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामाच्या जागी पुन्हा अडसर लावेपर्यंतचा हा कालावधी असतो. हवाई वाहतुकीच्या भाषेत त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगेतून जाणे, उड्डाण, चढण, उतरण, वाहतूक नियंत्रकांच्या सूचनेनुसार घेतलेले फेरे आणि उतरल्यानंतर टर्मिनलपर्यंतची वाटचाल या सर्वांचा त्यात समावेश होतो. प्रत्यक्ष हवेत असण्याची वेळ या मार्गावर साधारण सव्वा तास ते पाच-दहा मिनिटे अधिक एवढीच असते.

उरलेल्या मिनिटांचा मोठा वाटा मुंबईच्या बाजूचा आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाने याची जाहीर दखल घेतली. गर्दीच्या वेळी विमानांना शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात आणि ताशी सरासरी दोन हजार किलो इंधन जाळणाऱ्या विमानाच्या दृष्टीने हा मोठा अपव्यय आहे, असे मंत्रालयाने म्हटले होते. त्यानंतर सर्वाधिक गर्दीच्या काळातील ताशी उड्डाण-अवतरणांची संख्या ४६ वरून ४४ वर आणण्यात आली. बंगळुरूला मात्र डिसेंबर २०१९ पासून दोन समांतर धावपट्ट्या उपलब्ध आहेत.

या विलंबाशी जुळवून घेण्याचा विमान कंपन्यांचा मार्ग सर्वज्ञात आहे. वेळापत्रकातच काही मिनिटे वाढवून ठेवली जातात. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय दरमहा प्रमुख विमानतळांवरील वक्तशीरपणाची टक्केवारी प्रसिद्ध करते. तिचा आधार छापील वेळापत्रक असतो आणि पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर वक्तशीर धरला जातो. वेळापत्रक जितके सैल, तितकी टक्केवारी चांगली. प्रवाशाच्या हाती नियोजनासाठी अधिक विश्वासार्ह वेळ येते, हा त्याचा लाभ आहे. परंतु मार्ग वर्षागणिक संथ होत गेला तरी ही टक्केवारी ते दाखवत नाही, हा तोटाही आहे.

देवनहळ्ळीपर्यंतची वाट

बंगळुरूच्या प्रवाशासाठी खरी अडचण विमान सुटण्यापूर्वीच सुरू होते. २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळी येथील नवा विमानतळ सुरू झाला आणि शहराच्या पूर्व भागातील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या आवारातला जुना विमानतळ नियमित प्रवासी वाहतुकीसाठी बंद झाला. जुना विमानतळ शहराच्या मध्यापासून दहा-बारा किलोमीटरवर होता, नवा सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे. दक्षिणेकडील इलेक्ट्रॉनिक सिटीपासून तर हे अंतर पन्नास किलोमीटरहून अधिक भरते. शहराचा रोजगार ज्या माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रावर उभा आहे, त्याची मोठी केंद्रे दक्षिण आणि पूर्व भागांत आहेत. विमानतळ मात्र उत्तरेला आहे.

त्यात रस्त्यांची कोंडी भर घालते. टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात दहा किलोमीटर जाण्यास बंगळुरूत सरासरी सुमारे ३४ मिनिटे लागत असल्याची नोंद झाली. जगातील सर्वांत संथ शहरांच्या त्या यादीत बंगळुरू तिसऱ्या, तर पुणे सुमारे ३३ मिनिटांसह चौथ्या क्रमांकावर होते. बंगळुरू–पुणे विमानाने जाणारा प्रवासी अशा रीतीने जगातील दोन अत्यंत संथ शहरांच्या मधले ७२० किलोमीटर वेगाने पार करतो आणि दोन्ही टोकांना अडकतो.

सार्वजनिक वाहतुकीचा पर्याय बंगळुरूत अजून अपुरा आहे. महानगर परिवहन महामंडळाची ‘वायू वज्र’ बससेवा नियमित असली, तरी ती त्याच रस्त्यांवरून धावते. जानेवारी २०२१ मध्ये विमानतळाजवळ रेल्वेचे थांबा-स्थानक सुरू झाले, पण तेथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या असून पुढे टर्मिनलपर्यंत बसने जावे लागते. सेंट्रल सिल्क बोर्ड–कृष्णराजपुरम–विमानतळ या सुमारे ५८ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२१ मध्ये १४,७८८ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. शहराला देवनहळ्ळीशी जोडणाऱ्या उपनगरी रेल्वे प्रकल्पाची पायाभरणी जून २०२२ मध्ये झाली. विमानतळापर्यंत नेणारी यांपैकी एकही सेवा अद्याप प्रवाशांच्या उपयोगाला आलेली नाही.

इतर महानगरांशी तुलना केल्यास हा विलंब अधिक जाणवतो. दिल्लीत विमानतळ मेट्रो २०११ मध्ये, चेन्नईत २०१६ मध्ये, मुंबईत २०२४ मध्ये आणि कोलकात्यात ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. देशातील सहा प्रमुख महानगरांपैकी विमानतळापर्यंत मेट्रो नसलेली शहरे आता दोनच उरली आहेत, बंगळुरू आणि हैदराबाद. वर्षाला चार कोटींहून अधिक प्रवासी हाताळणाऱ्या आणि देशात प्रवासीसंख्येत तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या विमानतळासाठी ही उणीव गंभीर आहे.

सहा तासांचा हिशेब

या सर्व घटकांची बेरीज केली तर प्रवासाचे खरे रूप समोर येते. दक्षिण बंगळुरूतील घरापासून विमानतळापर्यंत पावणेदोन तास धरावे लागतात. देशांतर्गत उड्डाणांसाठी सामान स्वीकारण्याच्या खिडक्या सुटण्याच्या वेळेपूर्वी तासभर बंद होतात, म्हणून निर्गमनापूर्वी दीड तास पोहोचणे शहाणपणाचे ठरते. त्यानंतर एक तास पन्नास मिनिटांचा छापील प्रवास, विमानातून उतरून सामान घेण्यास अर्धा तास आणि मुंबईत घर गाठण्यास पाऊण तास. ही बेरीज सहा तास वीस मिनिटे होते. यांपैकी प्रवासी प्रत्यक्ष आकाशात असतो तो सुमारे ऐंशी मिनिटे, म्हणजे एकूण वेळेच्या जेमतेम पाचवा हिस्सा. ८३४ किलोमीटरचा सरासरी वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास येतो.

हाच हिशेब बेळगावसाठी मांडला तर अधिक उद्बोधक निष्कर्ष निघतो. बेळगाव मुंबईच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे. उड्डाण सव्वा तासाचे धरले आणि सांबरा विमानतळ शहराला लागून असल्याने पुढची वाट अर्ध्या तासाची मानली, तरी एकूण प्रवास सव्वापाच ते साडेपाच तासांचा होतो. अंतर जवळपास निम्मे झाले, वेळ वाचला तासाभराचा. उड्डाण जितके लहान, तितका जमिनीवरील वेळेचा वाटा मोठा. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरू–बेळगाव वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाली. ती सुमारे ६११ किलोमीटर साडेआठ तासांत कापते. तेथे विमान आणि रेल्वे यांच्यातील तफावत तीन तासांवर आली आहे. शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात उतरणे आणि कमी भाडे यांचा विचार करता अनेक कुटुंबांसाठी ती खरी निवड ठरते. मुंबईच्या बाबतीत अशी निवडच नाही. एकीकडे सहा तास, दुसरीकडे चोवीस तास, आणि मधल्या जागेत रात्रभर धावणाऱ्या खासगी शयनयान बसगाड्या.

भाडेमर्यादेचे माप

डिसेंबर २०२५ च्या संकटात ही पोकळी उघडी पडली. वैमानिकांच्या साप्ताहिक विश्रांतीचा कालावधी ३६ वरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या अवतरणांची संख्या मर्यादित करणारे नियम पूर्णपणे लागू झाल्यानंतर, देशांतर्गत बाजारपेठेचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबर रोजी एका दिवसात कंपनीची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. दुसऱ्या दिवशी सरकारने भाड्याची तात्पुरती कमाल मर्यादा जाहीर केली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरसाठी १२,००० रुपये, १,००० ते १,५०० किलोमीटरसाठी १५,००० रुपये आणि त्यापुढे १८,००० रुपये. कर व विमानतळ शुल्क त्याव्यतिरिक्त होते. रेल्वेनेही ३७ गाड्यांना ११६ जादा डबे जोडले.

तातडीचा उपाय म्हणून हा निर्णय आवश्यकच होता. तथापि, अंतराच्या टप्प्यांनी कोणावर किती भार टाकला, हे पाहण्यासारखे आहे. बंगळुरूहून कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि नागपूर ही चारही ठिकाणे एकाच टप्प्यात येतात. कमाल दराने हिशेब केल्यास नागपूरला किलोमीटरमागे सुमारे साडेतेरा रुपये, मुंबईला साडेचौदा रुपयांच्या आत आणि कोल्हापूरला साडेबावीस रुपये पडतात. दिल्लीसाठी हाच दर साडेदहा रुपये आहे. बेळगाव पाचशेच्या आत असल्याने तेथे सतरा रुपयांच्या आत राहतो. कोल्हापूर आणि बेळगाव ही शेजारची शहरे, पण पाचशे किलोमीटरची रेषा त्यांच्यामधून गेल्याने कमाल भाड्यात साडेचार हजार रुपयांचा फरक पडला.

यापूर्वी सरकारने वेळेचे माप वापरून पाहिले होते. टाळेबंदीनंतर २५ मे २०२० रोजी देशांतर्गत विमानसेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा भाड्याचे सात वर्ग उड्डाणाच्या कालावधीनुसार ठरवले गेले. चाळीस मिनिटांपेक्षा कमी असलेला पहिला वर्ग आणि तीन ते साडेतीन तासांचा शेवटचा. दिल्ली–मुंबईसाठी त्या वेळी किमान ३,५०० आणि कमाल १०,००० रुपये अशी चौकट होती. ही व्यवस्था ३१ ऑगस्ट २०२२ पासून संपुष्टात आली. ‘उडान’ या प्रादेशिक जोडणी योजनेने २०१७ मध्ये तासाभराच्या, म्हणजे साधारण पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला अडीच हजार रुपये असे सूत्र लोकप्रिय केले. त्यात वेळ आणि अंतर एकच मानले गेले. या तिन्ही सूत्रांमध्ये एक समान गृहीतक आहे : प्रवास विमानतळावर सुरू होतो आणि विमानतळावर संपतो.

संकटाच्या काळात भाडे भडकण्याचे मूळ कारण मागणी इतकेच पर्यायाचा अभाव हे असते. ज्या मार्गावर आठ तासांची गाडी उपलब्ध आहे, तेथे विमानाचे तिकीट अमर्याद महाग होऊ शकत नाही. ज्या मार्गावर रेल्वेला पूर्ण दिवस लागतो, तेथे प्रवासी अडवला जातो. आजारी आई-वडिलांकडे, परीक्षेला किंवा लग्नकार्याला निघालेल्या माणसाला चोवीस तासांचा पर्याय हा पर्याय वाटत नाही. बंगळुरूत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचा डिसेंबरमधील अनुभव याच स्वरूपाचा होता.

आशियाच्या नकाशावर

बंगळुरू ते सिंगापूर हे हवाई अंतर सुमारे ३,१८० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळपास चौपट आहे. थेट विमानाला साडेचार तासांच्या आसपास लागतात. सिंगापूरचे घड्याळ अडीच तास पुढे असल्याने तिकिटावर हा प्रवास सात तासांचा भासतो, तर परतीचा अवघ्या दोन तासांचा. दुबई सुमारे २,७०० किलोमीटरवर असून तेथील घड्याळ दीड तास मागे आहे. ही दोन्ही शहरे मेट्रोने आपापल्या विमानतळांशी जोडलेली आहेत. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर मेट्रो २००२ मध्येच पोहोचली. विमानतळाबाहेर पडल्यानंतर किती वेळ लागेल, हे तेथे आलेल्या प्रवाशाला आधीच ठाऊक असते. देवनहळ्ळीला उतरलेल्या प्रवाशाला ते सांगता येत नाही.

आंतरराष्ट्रीय मार्गांवर आणखी एक घटक काम करतो, तो म्हणजे देशांच्या हद्दी. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपले हवाई क्षेत्र बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी उड्डाणे लांबली. दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंद ही मध्य आशियातील शहरे नकाशावर होती तेथेच राहिली, पण लांबलेला मार्ग आपल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेल्याने इंडिगोने तेथील सेवा थांबवली. बंगळुरूहून आखाताकडे जाणारा मार्ग अरबी समुद्रावरून जात असल्याने त्याला त्या वेळी तुलनेने कमी झळ बसली. भारत आणि चीन यांच्यातील थेट विमानसेवाही २०२० पासून बंद होती. ती ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस कोलकाता–ग्वांगझू उड्डाणाने पुन्हा सुरू होईपर्यंत प्रवाशांना तिसऱ्या देशातून जावे लागत होते. आंतरराष्ट्रीय मार्गावर वेळ वाढवणारे निर्णय अनेकदा आपल्या हातात नसतात. बंगळुरू–मुंबईच्या बाबतीत मात्र वेळ वाढवणारी जवळजवळ सर्व कारणे देशांतर्गत नियोजनाची आहेत.

नव्या विमानतळांपुढील प्रश्न

हा विषय आता अधिक तातडीचा बनला आहे, कारण दोन्ही राज्यांत पुढील काही दशकांचे निर्णय सध्या घेतले जात आहेत. बंगळुरूच्या विमानतळाच्या सवलत करारात २५ वर्षांपर्यंत १५० किलोमीटरच्या हवाई अंतरात स्पर्धक विमानतळ न उभारण्याची अट आहे. तिची मुदत २०३३ मध्ये संपते. त्या दृष्टीने कर्नाटक सरकारने दुसऱ्या विमानतळासाठी कनकपुरा रस्ता आणि नेलमंगल–कुणिगल रस्ता या भागांतील जागा सुचवल्या असून एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या पथकाने त्यांची पाहणी केली. सीमेपलीकडे तमिळनाडूने जून २०२४ मध्ये होसूर येथे दोन हजार एकरांवर वर्षाला तीन कोटी प्रवासी क्षमतेचा विमानतळ उभारण्याची घोषणा केली. होसूर इलेक्ट्रॉनिक सिटीपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण कराराच्या १५० किलोमीटरच्या वर्तुळात येते.

हे वर्तुळही नकाशावर कंपास ठेवून काढलेले आहे. गुंतवणूकदाराला संरक्षण देण्यासाठी अशी अट २००४ मध्ये समजण्यासारखी होती. खासगी भांडवलातून नवा विमानतळ उभारण्याचे देशातील ते सुरुवातीचे प्रयोग होते आणि त्या अटीविना पैसा उभा राहणे कठीण होते. मात्र या काळात शहर दक्षिणेला आणि पूर्वेला पसरत गेले आणि त्याची किंमत दररोजच्या प्रवासवेळेतून वसूल झाली.

महाराष्ट्रात नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे. पहिल्या टप्प्यात त्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. पनवेल, नवी मुंबई, रायगड आणि काही प्रमाणात ठाणे व पुणे परिसरातील प्रवाशांसाठी बंगळुरूचा प्रवास त्यामुळे प्रत्यक्षात लहान होईल. हवाई अंतर जवळपास तेवढेच राहणार असले, तरी घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ कमी होईल आणि मुंबईवरील घिरट्यांचा ताणही हलका होण्याची अपेक्षा आहे. पश्चिम उपनगरांतील प्रवाशाला मात्र नव्या विमानतळावर उतरल्यास एक-दीड तासाची भर सोसावी लागेल. कोणत्या उड्डाणाचे ठिकाण कोणते, हे तिकीट काढतानाच नीट पाहणे आता गरजेचे झाले आहे.

पुण्यात पुरंदर विमानतळासाठी सात गावांतील जमिनीचे संपादन हा दीर्घकाळ तीव्र विरोधाचा विषय राहिला आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी, मोबदला आणि पुनर्वसन हे प्रश्न अग्रक्रमाचे आहेतच. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे : पिंपरी-चिंचवड, हिंजवडी किंवा चाकण येथून पुरंदरला पोहोचण्यास किती वेळ लागेल, आणि विमानतळ सुरू होण्याच्या दिवशी तेथे रेल्वे किंवा मेट्रो असेल का? देवनहळ्ळीबाबत २००८ मध्ये हाच प्रश्न विचारला गेला होता. अठरा वर्षांनंतरही मेट्रोची प्रतीक्षा संपलेली नाही. शेतकऱ्याची जमीन घेऊन उभारलेला प्रकल्प प्रवाशाचा वेळही घेणार असेल, तर त्याच्या समर्थनाचा पाया कमकुवत होतो.

रेल्वेची संधी आणि तिची अट

१ फेब्रुवारी २०२६ रोजी सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात सात अतिवेगवान रेल्वे मार्गिकांची घोषणा झाली. मुंबई–पुणे, पुणे–हैदराबाद आणि हैदराबाद–बंगळुरू या तीन मार्गिका त्यांत आहेत. त्या परस्परांना जोडल्या गेल्या तर मुंबईहून बंगळुरूला अतिवेगवान रेल्वेने जाता येईल. हैदराबादचा वळसा धरून हे अंतर अकराशे किलोमीटरच्या पुढे जाईल. मुंबई–अहमदाबाद प्रकल्पात ५०८ किलोमीटरसाठी सुमारे दोन तास सात मिनिटे गृहीत धरली आहेत. त्या प्रमाणात हा प्रवास साडेचार ते पाच तासांत होऊ शकतो. विमानाच्या सहा तास वीस मिनिटांशी स्पर्धा करण्याइतका हा वेळ आहे.

येथेही अट तीच आहे. स्थानके शहराच्या आत, मेट्रो आणि उपनगरी रेल्वेला जोडलेली असतील, तर हा लाभ मिळेल. ती बाह्यवळण रस्त्यांवर, स्वस्त जमिनीच्या शोधात दूर नेली गेली, तर देवनहळ्ळीची पुनरावृत्ती होईल. शिवाय मुंबई–अहमदाबाद मार्गाची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये होऊनही त्यावर अद्याप प्रवासी वाहतूक सुरू झालेली नाही, हे लक्षात घेता नव्या मार्गिकांची वाट दीर्घ असेल. तोपर्यंत मिरज–हुबळीमार्गे दुहेरीकरण पूर्ण करून रात्री निघून सकाळी पोहोचवणारी वेगवान गाडी देणे हा अधिक जवळचा आणि कमी खर्चाचा उपाय आहे. चोवीस तासांचे पंधरा-सोळा तास झाले, तरी विमान कोसळलेल्या वेळापत्रकात अडकलेल्या प्रवाशाला खरा पर्याय मिळेल.

धोरणकर्त्यांना करता येण्याजोगी आणखी एक गोष्ट फारशी खर्चिक नाही. विमानतळ, मेट्रो किंवा रेल्वेमार्ग यांच्या प्रकल्प अहवालांत शहराच्या विविध भागांतून टर्मिनलपर्यंत लागणाऱ्या वेळेची नोंद, तीही गर्दीच्या तासांची, बंधनकारक करता येईल. वक्तशीरपणाच्या मासिक अहवालात विमानांच्या प्रत्यक्ष प्रवासवेळेची मागील वर्षांशी तुलना देता येईल. भाडेमर्यादेची वेळ पुन्हा आली, तर किलोमीटरचे टप्पे अधिक बारीक करून सीमेवरील शहरांवरील अन्याय टाळता येईल.

बंगळुरूच्या विमानतळ मेट्रोचे काम पूर्ण होईल तेव्हा या शहरातून मुंबई, पुणे किंवा नागपूरला जाणाऱ्या प्रवाशाचा वेळ दोन्ही दिशांनी वाचेल. कोणत्याही नव्या विमानापेक्षा किंवा नव्या धावपट्टीपेक्षा या मार्गावरील अंतर अधिक कमी करण्याची क्षमता आज त्या ५८ किलोमीटरच्या लोहमार्गात आहे. त्याच्या पूर्ततेच्या तारखा वारंवार पुढे गेल्या आहेत. पुढील तारीख पाळली जाते का, याकडे केवळ कर्नाटकातील नव्हे, तर नवी मुंबई आणि पुरंदरच्या नियोजनकारांनीही लक्ष ठेवायला हवे.